रक्त गाळणारं पातं

"सरका, सरका! तलवारीला रक्त फुटलं!"

एकच गलका झाला आणि सभागृहातली माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत पुढे घुसली. व्यासपीठावर महाराजांनी तलवारीचं पातं फडक्याने पुसलं आणि वर तांब्यातलं पाणी सोडलं. स्वच्छ पाणी पात्याला लागताच लालभडक होऊन टपटप वाटीत पडू लागलं.

"चारशे वर्षांपूर्वीच्या शत्रूचं रक्त!" महाराज गरजले. "एक घोट घ्या, फिट गेली, दमा गेला, साहेबाची कटकटही गेली!"

मागे उभ्या ताईच्या मनात पाल चुकचुकली. जुन्या पात्यांचा गंज काढून त्यांची पारख करणं हा तिचा रोजचा उद्योग. उघड्या बोटांनी पात्याला शिवायचं नाही, घामाने गंज चढतो, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. आणि महाराज तर तळवा फिरवून पात्याला चक्क गोंजारत होते! तेलाचा मागमूस नाही. फडकं पिवळट. तो डाग तिच्या ओळखीचा होता.

वाटीकडे हात पसरून पुढे तिचा धाकटा भाऊ उभा होता. महाराजांच्या शब्दावर त्याने फिटच्या गोळ्या बंद केल्या होत्या. काल तो फिट येऊन पेटत्या शेगडीशेजारी कोसळला. ताईला त्याचा राग येत होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

ती तडक व्यासपीठावर चढली.

"महाराज, पात्याची थोडी सेवा मलाही करू द्या."

"ताई, इथे तरी नाक खुपसू नकोस गं!" भाऊ कळवळला.

पण गर्दीच म्हणाली, "करू द्या, करू द्या!" महाराजांना नाही म्हणता येईना. ताईने आपल्या बाटलीतल्या पाण्याने पातं खसाखसा धुतलं, स्वतःच्या रुमालाने कोरडं केलं आणि म्हणाली, "आता सोडा तुमचं पाणी."

पाणी पडलं. पाण्यासारखंच पडलं.

"देवता रुसली! बाईने विटाळ केला!" महाराज ओरडले.

"असं?" ताईने टेबलावरचं स्टीलचं ताट उचललं, त्याला महाराजांचं फडकं चोळलं आणि तांब्या उपडा केला. ताट लालेलाल झालं. "आता या ताटाने कोणती लढाई मारली, तेही सांगा!"

आधी एक पोर खिदळलं, मग सगळं सभागृह.

"फडक्यात फेरिक क्लोराइड नावाचं रसायन आहे," ताई म्हणाली. "जुन्या पोलादाची नक्षी उठवायला मी तेच वापरते. तांब्यात थायोसायनेट नावाचा क्षार असणार. दोन्ही भेटले की असा लाल रंग होतो. आणि पातं कसलं जुनं? गाडीखालचा, धक्के झेलणारा कमानपाटा घासून केलंय."

महाराज मागच्या दाराने केव्हा सटकले, कळलंही नाही.

"पण ताई, मध्ये मला बरं वाटलं होतं," भाऊ पुटपुटला.

"फिट रोज येत नाही रे. न आलेल्या दिवसांचं श्रेय त्याने लाटलं." ताईने त्याचा खांदा धरला. "काल शेगडीवर पडला असतास म्हणजे?"

त्याने गोळीसाठी हात पुढे केला. ताईने पर्समधून गोळी काढली.

"पाणी कुठलं?" त्याने विचारलं.

"नळाचं. आणि यापुढे कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी तो एकदा धुऊन बघायचा."