आडून सांगितलेली बातमी

जुंबेरला खोऱ्यात मान होता तो त्याच्या जिभेमुळे. लग्न असो की बारसं, पंगतीत पेला उचलताना कुणासाठी काय बोलायचं हे तमादा ठरवतो, आणि तमादा म्हणून लोक जुंबेरलाच बोलवत. न दुखवता टोचावं, न सांगता कळवावं ते त्यानेच. एकदा एका चिकट सासऱ्याला त्याने भर पंगतीत इतक्या हलक्या हाताने सोललं की तो बिचारा स्वतःच टाळ्या वाजवत बसला होता.

त्याची धाकटी बहीण त्सिआला विधवा होती. तिच्या लेकीचं, एतेरीचं लग्न होतं, आणि मुलगा रेझो सुखुमीच्या लढाईवर होता. लग्नाच्या सकाळी शेजारचा वालिको तिबिलिसीहून परतला तो तडक मागच्या अंगणात आला. जुंबेर जमिनीत पुरलेल्या रांजणातून वाइन काढत होता.

"रेझोला आणलंय," वालिको म्हणाला. "शवागारात आहे. मी बघून आलो."

ओगराळं रांजणात पडलं.

"कुणाला बोललास?"

"नाही. पण तिला सांगायला हवं, जुंबेर. आई आहे ती."

"आज नाही."

वऱ्हाड तेलावीहून निघालं होतं. घरात शोक आला की लग्न वर्षभर पुढे जाणार, आणि एतेरीला तिसरा महिना लागलेला. हे मामाला आणि आईलाच ठाऊक होतं. "उद्या सकाळी मी सांगतो," जुंबेर म्हणाला. "तू घरी जा आणि आजारी पड. तुझं तोंड बघून कुत्रंसुद्धा ओळखेल."

दुपारी पंगत बसली. अक्रोडाच्या वाटणातली कोंबडी आली, चीज भरलेल्या गरम खाचापुऱ्या आल्या, ढोल वाजायला लागला. जुंबेरने देवाच्या नावाने पेला उचलला, मग वधूवरांच्या, मग आईबापांच्या. भावंडांची पाळी जवळ यायला लागली. रेझोचं नाव गाळलं तर सगळ्यांना खटकेल. पोरगा लढाईवर गेल्यापासून त्याच्या नावाने पेला उचलला की 'सुखरूप घरी येवो' असं जुंबेर दरवेळी म्हणायचा. पण हातात वाइन धरून खोटं तो आजवर बोलला नव्हता.

तो उभा राहिला. शब्द सापडले.

"आमच्या रेझोसाठी! असा भाऊ मिळायला नशीब लागतं. त्याच्यामुळे या घराची मान कधी खाली झाली नाही आणि होणारही नाही. आज तो जिथे आहे तिथूनही बहिणीला आशीर्वादच देत असेल."

"रेझोसाठी!" सगळे ओरडले. एकही शब्द खोटा नव्हता. आणि त्या तसल्या वेळीही, वाक्य काय जमलं, असं मनातल्या मनात त्याला वाटून गेलं.

त्सिआला ताट घेऊन येत होती. ती थबकली. मग तिने ताट खाली ठेवलं, पदर नीट करावा तसा डोक्यावरचा रुमाल नीट केला.

"दादा, पुन्हा म्हण ना. मला नीट ऐकू आलं नाही."

त्याने पुन्हा म्हटलं. तेच शब्द, त्याच क्रमाने. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने कधी नव्हे तो कुणाचातरी पेला उचलून तळापर्यंत रिकामा केला आणि ढोलवाल्याकडे वळली. "झोप लागली का रे? वाजव की! भाऊ इथे नाही, तर मी नाचते लेकीबरोबर."

ती नाचली. बायका म्हणाल्या, त्सिआलाला आज पंख फुटलेत.

उन्हं उतरल्यावर वऱ्हाड नवरीला घेऊन गेलं. फाटकाजवळ उभी राहून त्सिआला गाड्या वळणाआड होईपर्यंत हात हलवत राहिली. मग अंगणात आली आणि खरकट्या ताटांमध्ये बसली.

"कुठे ठेवलंय त्याला?"

जुंबेरला खोटं सुचलं नाही. "तिबिलिसीत," तो म्हणाला. "तुला कसं..."

"घरी येवो म्हणाला नाहीस."

"एतेरीचं लग्न मोडलं असतं गं. तुला हळूहळू कळावं म्हणून मी..."

"हळूहळू?" ती ओरडली नाही. "सकाळी सांगितलं असतंस, तर लग्न लावायचं की त्याच्याजवळ जाऊन बसायचं, ते मी ठरवलं असतं. कदाचित लग्नच लावलं असतं. पण मी ठरवलं असतं, दादा! तू आधीच ठरवलंस. आणि वर चारशे माणसांसमोर कोडं घातल्यासारखं मला ओळखायला लावलंस."

तो तिच्या खांद्याला हात लावायला गेला. ती उठली आणि ताटं गोळा करायला लागली.

रेझोला पुरलं तेव्हा एतेरी काळे कपडे घालून आली. सगळं कळल्यावर तिने आईला एवढंच विचारलं, "नाचताना तुला माहीत होतं?"

"हो."

"एतेरी, पोरी, त्यात तुझ्या आईचा..." जुंबेरने सुरुवात केली.

"मामा, तू बोलू नकोस."

दुखवट्याच्या जेवणाला त्सिआलाने दुसऱ्याच गावचा तमादा बोलावला. लोकांना वाटलं, दुःखाने मामाच्या तोंडून शब्द फुटत नसेल. जुंबेरनेही तसंच वाटू दिलं. पुढे कुणी लग्नाचं आमंत्रण घेऊन आलं की तो घसा बिघडल्याचं सांगायचा.

वसंतात एतेरीच्या बाळाचं बारसं झालं. जुंबेरला बोलावणं होतं, मोठ्या भावाच्या मानाची जागाही होती. त्सिआलाने पहिलं ताट त्यालाच वाढलं आणि गुडघा कसा आहे विचारलं. त्याने मान वर केली, तोवर ती पुढच्या ताटाशी गेली होती.