नावावरची गाडी

“गाडी माज्या नावावर करून दे, माय. न्हाईतर उद्यापासून भाकर त्या गाडीलाच माग!”

भर दुपारी, ढाब्यावर गिऱ्हाइकं जेवत असताना माझा नवरा लखन स्वतःच्या आईला हे बोलला. आई म्हणजे माझी सासू, दगडाबाई. ती चुलीपुढं बसली होती. हातातली भाकरी तिनं तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, “बरं.”

लखनला वाटलं, झालं काम. मला माहीत होतं, ही बाई ‘बरं’ म्हणाली की समोरच्याचं काही खरं नाही. लग्न झाल्यापासून मी ते ‘बरं’ ऐकतेय. आमचं सख्य विळ्याभोपळ्याचं, खोटं कशाला बोलू? माझ्या कालवणात तिला मीठ कधी बरोबर लागलं नाही आणि तिची जीभ मला कधी गोड लागली नाही.

आणि ही गाडी! घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी ती आमच्या गळ्यात पडली.

मांजरसुंब्याच्या चौकात जीवनशेटचा ढाबा आहे. सासू तिथं भाकरी करते, मी भांडी-भाज्या बघते. दोन वर्षांमागं एक गोरा इथं बसमधून उतरला तो पोट धरूनच. कुठल्या देशाचा होता कोण जाणे, नाव मार्टिन. जीवनशेटनं त्याला वरची खोली दिली आणि सासूनं ताक-कण्या घालून त्याला उभा केला. तो तिला ‘माय’ म्हणायला लागला. मी इतकी वर्षं घरात राबतेय, मला कधी तिनं ‘पोरी’ म्हटलं नव्हतं. त्याला मात्र ‘माजं पोरगं’!

बरा झाल्यावर त्या पोराला हुक्की आली. सगळा देश म्हणे स्वतःच्या गाडीतून बघायचा. समोरच्या गॅरेजवाल्या इलियासभाईकडनं त्यानं एक जुनी पांढरी व्हॅन घेतली. घेतली खरी, पण नावावर कशी करणार? आरटीओतला एजंट म्हणाला, इथला कायमचा पत्ता पाहिजे, आणि ज्याच्या नावावर गाडी त्याच्याच नावावर विमा. गोऱ्यानं ढाब्यावर सगळ्यांपुढं हात जोडले.

जीवनशेट म्हणाला, माझ्या नावावर आधीच दोन गाड्या आहेत. लखन म्हणाला, “ह्यानं उद्या कुणाला उडिवलं तर पोलीस माज्या दारात येतील.” जन्मात एकदाच शहाणपणाचं बोलला असेल.

तेवढ्यात चुलीपुढून आवाज आला, “लावा माज्या नावावर.”

“आत्याबाई, डोस्कं फिरलं का तुमचं?” मी ओरडले.

“गप गं. परमुलखातलं लेकरू हाय. आन् नाव द्यायला काय लागतंय?”

हेच आमचं मेलं भोळेपण! कुणी सिमकार्डाला नाव मागतं, कुणी कर्जाला जामीन म्हणून मागतं, आणि आमची माणसं चिमूटभर मीठ द्यावं तसं नाव देऊन मोकळी होतात.

बीडला विमावाल्यानं तिला हसत विचारलं, “आजी, गाडी चालवता का?”

“चूल सोडून कायबी चालवलं न्हाई,” ती म्हणाली आणि अंगठा दिला. परत आल्यावर गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मिरवली नुसती.

गोरा काही महिने हिंडला, परत आला, गाडी ढाब्याशेजारच्या लिंबाखाली लावली आणि किल्ली तिच्या हातात देऊन मायदेशी गेला. म्हणाला, पुढच्या वर्षी येतो. तो गेला तो गेलाच. विमा संपला, चाकं बसली, टपावर कावळे बसायला लागले.

मग चौकशी आली आणि सासूचा निराधाराचा पगार बंद झाला. विधवा म्हणून तिला दर महिन्याला मिळायचा तो. कचेरीतला माणूस म्हणाला, “चारचाकीच्या मालकीणबाई कशा निराधार? घरात कुणाच्याही नावावर गाडी असली तरी पगार नाही.” लोकांना तेवढंच पाहिजे होतं. रोज कुणीतरी ओरडायचं, “दगडाबाई, काढा की गाडी! बीडला सोडा!” अंगाचा नुसता भडका व्हायचा माझ्या.

ढाब्यावरची तिची मजुरी जीवनशेट लखनच्या हातात देतो. तो पगार तेवढा तिचा होता. त्यातून ती मिसरी आणायची, वडवणीला बहिणीकडं जायची आणि कुणाला विचारायची नाही. पगार बंद झाल्यावर तिनं मिसरी सोडली, वडवणी सोडली. पण लखनकडं मागितलं नाही. मी म्हटलं, गाडी विकून टाका, नाव निघेल. तर म्हणाली, “परक्याची ठेव हाय.”

आणि परवा जीवनशेटच्या फोनवर गोऱ्याचा निरोप आला: आता येणं होत नाही, गाडी मायला ठेवा.

झालं! लखनचे कान टवकारले. आयत्या बिळावर नागोबा! म्हणाला, “पगार गेला तर जाऊ दे. मी भाडं मारीन.”

“म्हणजे आत्याबाईंनी जन्मभर तुमच्या तोंडाकडं बघायचं?” मी म्हटलं.

“तू मदी बोलू नगं.”

त्यावरूनच आजचं ते भाकरीचं बोलणं झालं. तो इलियासभाईला कागदांसकट घेऊनच आला होता.

“मावशी, लखनभाऊचं नाव लिवू ना?” इलियासभाईनं विचारलं.

“न्हाई. मोडीत घे.”

“मोडीत कावून? इंजन लई चांगलं हाय.”

“इकली तर ह्यो लखन फिरून घिऊन यील. खिळा न् खिळा येगळा कर. मंग नाव निघतंय का न्हाई?”

“निघतंय की. पगाराचा अर्जबी परत देता यील.”

“येडी झाली का माय?” लखन ओरडला. गिऱ्हाइकांचे घास हातात राहिले.

ती उठली. पीठ झटकलं. “रान तुज्या बापाच्या नावावर. त्यानं इकलं, मला इचारलं न्हाई. घर मी लिपलं, ते तुज्या नावावर झालं. तवा बोलले का मी? ही एक गाडी माज्या नावावर आली. माजी हाय. मोडीन.”

हात धुऊन तिनं अंगठा उठवला. लखन थुंकला आणि निघून गेला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली, तोवर इलियासभाई गाडी ओढायला ट्रॅक्टर घेऊन आला. साखळी लावणार तोच ती म्हणाली, “थांब वाईच.”

तिनं दार उघडलं. चपला बाहेर काढल्या, देवळात काढाव्या तशा, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. दार लावून घेतलं. पदर सारखा केला आणि समोर बघत राहिली. समोर लिंबाचं खोड होतं, शेजारी चालवायला कुणी नव्हतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, ह्या गाडीत ही बाई कधी बसलीच नव्हती.

इलियासभाई साखळी हातात घेऊन उभा राहिला.

“आत्याबाई, भाकर करपायली!” मी चुलीकडून ओरडले.

तिनं मान वळवली नाही. “करपू दे,” म्हणाली.

ऊन मरणाचं होतं. मी जाऊन तिच्या चपला उचलल्या, सावलीत ठेवल्या आणि चुलीपुढं येऊन बसले.