पोटातली चिमूट

मी काचेची बाटली बोलतेय, आणि आधीच सांगून ठेवते, आज माझं डोकं फिरलंय. गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

जन्म भट्टीतला, संसार प्रयोगशाळेच्या फडताळात. आठ वर्षं झाली. काम एकच, कत्तलखान्याचं सांडपाणी भरून आणायचं. मग त्यात जंतू किती ते तपासतात. दर वेळी माझ्या पोटात पांढऱ्या पावडरीची चिमूट घालतात, तोंडाला कागद बांधतात आणि मला वाफेवर उकडून निर्जंतुक करतात. ती चिमूट म्हणजे माझा जीव! पाण्यात ब्लीचिंग असलं, तर ती त्याला जागच्या जागी गप्प करते. नाहीतर ब्लीचिंग वाटेतच जंतू मारत बसतं आणि तपासणीत सगळं कसं सोज्वळ दिसतं. म्हणून मला भरण्याआधी विसळायचं नसतं. रसायनांच्या तपासणीला माझी प्लॅस्टिकची बहीण असते, तिला खुशाल तीनदा विसळा.

नमुने घेणाऱ्या बाईंना हे तोंडपाठ. गमबूट घालून गटाराशी वाकायच्या. रक्त, चरबी, शेण, काय तो दर्प! पण बाईंनी कधी नाक मुरडलं नाही.

गेल्या महिन्यात बाई रजेवर गेल्या आणि प्रयोगशाळेचे साहेब स्वतः निघाले. आधी फोन करून, वर्दी देऊन! मग काय, कत्तलखान्याच्या मॅनेजरने सकाळीच गटारात अर्धं पोतं ब्लीचिंग ओतलं. साहेबांनी माझा कागद सोडला, तसा हा लगबगीने पुढे आला.

"साहेब, बाटलीत कसली तरी पावडर राहिलीय. विसळून देऊ?"

"हो हो, स्वच्छ करा."

अहो, राहिली नव्हती, घातली होती! पण काचेला ओरडता कुठे येतं? तीनदा विसळलं मला मेल्याने. आणि साहेब शेजारी रुमालाने नाक दाबून उभे.

अहवाल आला, 'जंतू नगण्य'. साहेबांनी झोकात सही ठोकली. गटार ज्या नाल्याला मिळतं त्याचं पाणी स्वच्छ, मग नाल्याकाठच्या खालच्या वस्तीच्या विहिरीला काय धाड भरलीय? विहिरीच्या संशयावरून वस्तीला पाण्याचा टँकर येत होता, तो त्या सहीवर बंद झाला. लोक पुन्हा विहिरीचं पाणी प्यायला लागले. त्याच वस्तीत बाईंची बहीण राहते. दहाव्या दिवशी तिची सहा वर्षांची मुलगी जुलाबांनी दवाखान्यात, हाताला सलाइन.

बाई धावत आल्या आणि दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले. माझ्या प्लॅस्टिकच्या बहिणीच्या, त्याच दिवशीच्या अहवालात चरबी, रक्त, अमोनिया, सगळं भरभरून.

"एवढ्या घाणीत जंतूच नाहीत? साहेब, बाटली विसळली होती का कोणी?"

"मॅनेजरने. जरा मळकी होती म्हणून."

"मळकी? ती पावडर मी घातली होती, माझ्या हाताने!"

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मला मात्र हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई न कळवता गेल्या. मॅनेजरने सवयीने हात पुढे केला. "द्या ताई, विसळून..."

"हात मागे!" बाई अशा कडाडल्या की त्याने हात खिशात घातला.

या वेळी तपासणीच्या ताटलीत जंतूंच्या ठिपक्यांची ही गर्दी! मोजता मोजता बाईंनी पेन खाली ठेवलं.

साहेब पुटपुटले, "पण पहिला अहवाल चुकला, असं लिहायचं कसं?"

"स्वच्छ आहे असं लिहिलंत ना? तसंच."

लिहिलं एकदाचं. परवापासून टँकर येतोय. पोर मात्र अजून दवाखान्यात आहे. आज चिमूट घालताना बाई माझ्याशीच बोलत होत्या. काल त्यांनी उकळून गार केलेलं पाणी तिच्या तोंडाशी धरलं, तर तिने ओठ घट्ट मिटले आणि म्हणाली, "मावशी, आधी तू तपास."

आता माझ्या मानेला बाईंच्या हातची चिठ्ठी आहे, 'विसळू नये'. वाचता येत असेल तर वाचा. आणि स्वच्छतेची एवढीच हौस असेल ना, तर ते गटार धुवा. मला हात लावू नका.