मंगळवारचं पाणी

एर्मांसनं चादर पुन्हा एकदा नदीत बुडवली, पिळली आणि उजेडाकडे धरली. गुलाबी छटा तशीच होती. राखेच्या पाण्यात उकळून झालं, तीन दिवस गवतावर उन्हात पसरून झालं. मादाम पेरोशेंच्या मुलीच्या लग्नाच्या बारा चादरी, प्रत्येकीच्या कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्यानं भरलेली अक्षरं, आणि बाराही डागाळलेल्या.

वाझ नदीच्या त्या काठावर धुणाऱ्या बायका आणि रंगाचा कारखाना यांच्यात एक रिवाज होता. मंजिष्ठेचं लाल पाणी फक्त गुरुवारी सोडायचं, तेही घंटा वाजवून. घंटा झाली की बायका कपडे बाहेर ओढायच्या आणि पाणी निवळेपर्यंत काठावर बसून गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. फार मजेचे असत ते गुरुवार. या आठवड्यात पाणी मंगळवारी आलं, घंटेविना. कारखान्याचा मुकादम मात्र शपथेवर सांगत होता, की मंगळवारी झडप उघडलीच नाही.

पांढऱ्या कपड्यांत लाल मोजे गेले असणार, असं मादाम म्हणाल्या. वीस वर्षं धुणं करणाऱ्या बाईला याहून मोठी शिवी नाही. आज संध्याकाळपर्यंत ते लाल पाणी डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आण, नाहीतर या गावातलं एकही घर तुला रुमालसुद्धा धुवायला देणार नाही, हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं होतं.

मंगळवारी काठावर दुसरी एकच बाई होती, फिलोमेन. तिचे दोन्ही मुलगे कारखान्यात.

"मी खाली मान घालून धोपटत होते गं," फिलोमेन म्हणाली. "माझ्याकडे कामगारांचे निळे डगले. त्यांच्यावर काय दिसणार?" मग तिनं हनुवटीनंच वरच्या वळणाकडे खूण केली. "त्या चित्रवाल्याला विचार. महिनाभर धुराड्याकडे बघत बसलाय. घरी बायको उभं करत नसेल."

चित्रकार मस्यू कोलार त्या वळणावर, कारखान्याचं पाणी जिथून नदीत पडे त्या नळासमोर बसत. एर्मांसनं मंगळवारबद्दल विचारताच त्यांनी त्या दिवशी रंगवलेलं एक चित्र बाहेर काढून झाडाला टेकवलं. धूर, विटांची भिंत, आणि भिंतीखालून पाण्यात पसरत आलेला लाल ओघळ. एर्मांस त्याच्यासमोर गवतावर बसली. मादामकडे येऊन सांगाल का, असं तिनं विचारलं, तर ते लगेच तयार झाले. तिनं एप्रनच्या टोकानं डोळे पुसले.

"काय रंग होता तो," मस्यू कोलार म्हणाले. "नळातून निघाला तेव्हा नुसती दोरी. मग सावकाश पसरत गेला. पाणी संथ होतं म्हणून बरं. रंग कालवून उतरवायला मला वेळ मिळाला."

एर्मांसनं वळणाखाली पाहिलं. गुडघ्यांखाली घ्यायची तिची पेंढ्याची पेटी तिथं पडली होती. शेजारी फिलोमेन डगले धोपटत होती. प्रत्येक फटका इथवर स्पष्ट ऐकू येत होता.

"आम्ही दिसत होतो इथून?"

"हो तर. या काय तुम्ही." त्यांनी कडेला बोट ठेवलं. दोन काळसर ठिपके, एकाजवळ पांढऱ्या रंगाचा फटकारा. लाल रंग त्याच्यापासून अजून चांगला चार बोटं दूर होता.

एर्मांसनं चित्राला हात न लावता ती चार बोटं मोजली.

"एक हाक मारायची होती, मस्यू."

ते ब्रश पुसत राहिले. स्वच्छ झाला तरी पुसत राहिले.

"ढग येत होता," शेवटी ते म्हणाले. "उजेड गेला असता."

चर्चच्या घड्याळात पाचाचे ठोके पडले. एर्मांस उठली. चित्र अजून ओलं होतं. एक बाजू त्यांनी धरली, दुसरी तिनं, हात लांब करून, एप्रनला लागू नये म्हणून. मादामच्या घराचा चढ दोघं चढू लागले. दगडावर त्यांचा पाय अडखळला, की तीच म्हणायची, "जपून."