काकूंची नऊ हजार पावलं

शिट्टीसरांच्या दोन मोज्यांत मिळून चार डब्या होत्या, आणि त्यातली एकही त्यांची स्वतःची नव्हती. स्वतःची होती ती पट्ट्याला, उजळ माथ्यानं, सगळ्यांना दिसेल अशी. मोज्यातल्या फक्त बायकोला दिसल्या. “पायांना गळवं झालीत की काय तुमच्या?” असं तिनं विचारलं, तर सर तिच्यावर खेकसले. छत्तीस वर्षं शाळेच्या मैदानावर खेकसलेला माणूस, घरात काय वेगळं करणार!

डबी म्हणजे पावलं मोजायचं यंत्र. काडेपेटीहून लहान. पाच गावांनी मिळून जो उपक्रम काढला होता, त्यातून ती आली होती. एकट्या गावाच्या हातात असतं तरी काय? एका गावाला मैदान होतं पण शिकवणारं कोणी नव्हतं. दुसऱ्याला पोहण्याचा तलाव होता पण पोहायला माणसं नव्हती. आपल्या सरांच्या गावाकडे तर नुसताच उत्साह. मग पाचही नगरपालिका, शाळा, क्रीडा मंडळं आणि मधलं रुग्णालय एका टेबलाभोवती बसली आणि ठरलं, की जे आहे ते सगळ्यांचं. तलावाची बस पाचही गावांतून फिरू लागली, शाळांची मैदानं सकाळी म्हाताऱ्याकोताऱ्यांना उघडी झाली, गावोगाव चालण्याचे गट निघाले. दर शनिवारी गटप्रमुखानं सगळ्यांच्या डब्या वाचनालयातल्या संगणकाला जोडायच्या, की आकडे थेट रुग्णालयात. ज्या गटाची सरासरी सगळ्यांत जास्त, त्याला वर्षाच्या शेवटी शिल्ड.

शिल्ड! इथंच घोडं अडलं. पहिल्या बैठकीत रुग्णालयाच्या सिस्टर उभं राहून घसा फोडून सांगत होत्या, “आकडे मला शर्यतीसाठी नकोत. ज्यांची पावलं दोन आठवडे घसरतील, त्यांच्या घरी मी जाणार आहे. दुखणं अंगावर काढतात माणसं.” आणि सर बघत होते टेबलावरच्या शिल्डकडे. तिथून नजर काढली ती शेजारच्या गावच्या तलाववाल्या सरांकडे, ज्यांनी नोकरीभर त्यांना प्रत्येक आंतरशालेय स्पर्धेत धूळ चारली होती. सिस्टरांचं बोलणं ऐकलं नाही असं नाही. या कानानं आत गेलं, त्या कानानं बाहेर आलं.

गटात तीस माणसं होती आणि त्यातल्या पुढच्या होत्या बटणवाल्या काकू. त्यांचं बटणं, दोरे, चेन, लेस यांचं दुकान होतं. मागं एक खोली, त्यात त्या एकट्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक लांबच्या शहरात. जीभ मात्र कात्रीसारखी. “सर, शिट्टी खिशात ठेवा. मी काय बस आहे सुटायला?” असं म्हणायच्या आणि सगळ्यांच्या पुढं निघून जायच्या. चार महिने असं चाललं. मग त्या मागं राहू लागल्या. मग बाकावर बसू लागल्या. आणि एका सकाळी त्यांनी डबी काढून सरांच्या तळहातावर ठेवली.

“ठेवा ही, सर. दम लागतो हो फार. पायही सुजतात. वय झालं, दुसरं काय! कोणा तरण्याला द्या.”

सरांनी डबी परत पाठवायला हवी होती. त्याचा अर्ज त्यांच्या कपाटात होता. पण नियम असा होता, की सोडून गेलेल्या माणसाची पावलं वर्षाअखेरपर्यंत शून्य धरायची. अशक्त माणसांना गटातून हाकलून कोणी सरासरी फुगवू नये, म्हणून केलेला चांगला नियम. सरांनी अर्ज वाचला, शून्याचा हिशेब मनात केला आणि डबी मोज्यात घातली. पुढच्या दीड महिन्यात आणखी तीन आल्या. पोस्टमन आजोबांची, बेकरीवाल्याच्या आईची आणि एका अबोल शिंप्याची. गटात कोणी विचारलं, तर सर बेधडक सांगायचे, “ते संध्याकाळी चालतात.” आणि स्वतः सकाळ-संध्याकाळ चालायचे. मनाला समजवायचे, की चाललो तर मी खरंच ना, हवेतून तर नाही ना काढली पावलं! माणूस स्वतःशी किती गोड बोलतो बघा.

बुधवारी दुपारी काकू दुकानात कोसळल्या. लेस घ्यायला आलेल्या बाईनं पाहिलं म्हणून बरं. शनिवारी सकाळी वाचनालयात जाता जाता सर सफरचंदांची पिशवी घेऊन रुग्णालयात गेले. उद्या शिल्डचा समारंभ होता. गट पहिला होता, तलाववाल्यांच्या दोनशे पावलं पुढं. गटप्रमुखानं आजाऱ्याची विचारपूस करायलाच हवी, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात होता. मोजे नेहमीचेच होते.

सिस्टरांनी त्यांना बोळातच गाठलं. हातात आकड्यांचा कागद होता.

“बरं झालं आलात. काकूंचं काही कळेनासं झालंय. हृदय थकलंय त्यांचं, फुप्फुसात पाणी आहे. हे महिन्या-दोन महिन्यांचं दुखणं वाटतं. पण आकडे बघा. गेल्या शनिवारपर्यंत रोज नऊ हजार! असा माणूस नऊ हजार पावलं चालेल?”

सरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“आणि काकू काय म्हणतात माहितीये? म्हणतात, ‘दोन महिने मी दुकानाची पायरी उतरले नाही.’ डबी तुम्हाला परत दिली म्हणतात. लेक म्हणते, फोनवर तर आई दर रविवारी सांगायची, चालते की गं रोज. आता सांगा, काय समजायचं? डॉक्टर म्हणतायत, विसरायला झालंय का ते तपासायला हवं. लेकीनं तर दुकान बंद करून आईला सोबत न्यायचं ठरवलंय. एकटं ठेवायला नको म्हणते, आणि बरोबरच आहे तिचं.” सिस्टरांनी कागद खाली केला. “तुम्ही रोज बघत होतात. येत होत्या ना त्या?”

खरं बोलायला इतकी सोपी जागा पुन्हा मिळणार नव्हती. समोर एकच बाई, बोळात दुसरं कोणी नाही. आणि सर म्हणाले, “हो... येत होत्या.”

“वाटलंच मला,” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

ते लिहिणं सरांना दिसत होतं. आता मागं फिरावं, घरी जावं, असं शंभरदा वाटलं, पण खोलीचं दार उघडंच होतं आणि काकूंनी त्यांना पाहिलं होतं.

काकू अर्ध्या झाल्या होत्या. नाकाला नळी. उशाशी लेक बसलेली, डोळे रडून सुजलेले. “या, सर,” ती उठली, “बोला तिच्याशी. मी जरा तोंडावर पाणी मारून येते.”

सरांनी पिशवी टेबलावर ठेवली. काकू काही चिमटा काढतील, शिट्टी कुठंय म्हणून विचारतील, अशी आशा होती. पण काकूंनी त्यांचा हात धरला आणि दाराकडे बघून आवाज अगदी खाली आणला.

“सर, एक विचारू? कोणाला सांगू नका. मी येत होते का हो चालायला?”

सरांनी पायानंच स्टूल जवळ ओढलं.

“यंत्र म्हणतं, येत होते. सिस्टर म्हणतात. लेकीला काळजी नको म्हणून मीच फोनवर चालते म्हणायचे, आता ते खोटं होतं की खरं तेच कळेना. सगळे काय खोटं बोलतील? मी तीन दिवस पडल्या पडल्या आठवतेय. मला सकाळचं मैदान आठवत नाही, रस्ता आठवत नाही, काहीच नाही. मला आठवतं ते एवढंच, की मी तुमच्या हातावर डबी ठेवली.” त्यांनी सरांचा हात अजून सोडला नव्हता. “माझी आई अशीच गेली हो. शेवटी मलाच विचारायची, तू कोणाची? दुकानात दोनशे तऱ्हेची बटणं आहेत, कोणती कुठल्या खणात ते मी डोळे मिटून सांगते. आज मनातल्या मनात एकेक खण उघडून बघत होते, विसरले तर नाही ना. तुम्ही खरं सांगा. तुम्ही होतात तिथं. तुम्ही म्हणालात येत होते, तर मी मानते. जाते मग लेकीबरोबर मुकाट्यानं.”

छत्तीस वर्षांत सरांनी किती पोरांना म्हटलं असेल, ‘लाज वाटत नाही?’ लाज म्हणजे काय असते, ते त्यांना त्या लोखंडी पलंगाशेजारी कळलं. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. ते स्टुलावर बसले, वाकले आणि त्यांनी डावा मोजा खाली केला.

डबी घामानं ओली होती. मागच्या बाजूला चिकटपट्टीवर काकूंचं नाव, काकूंच्याच अक्षरात. सरांनी ती सदऱ्याला पुसली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

“तुम्ही येत नव्हता, काकू. तुमचं सगळं बरोबर आहे. दोन महिने ही माझ्या मोज्यात आहे.”

काकूंनी डबी डोळ्यांजवळ नेली. आजचा आकडा होता तीन हजार एकशे बारा. त्यांनी तो दोनदा वाचला. मग स्वतःच्या पांघरलेल्या पायांकडे पाहिलं.

“म्हणजे माझं डोकं शाबूत आहे?”

“शाबूत आहे. माझंच फिरलं होतं. शिल्डपायी केलं. सिस्टर आकडे बघून घरी येतात, तुमच्याकडे दीड महिन्यापूर्वीच आल्या असत्या. माझ्यामुळे नाही आल्या. आणि आत्ता, आत्ता बाहेर मी पुन्हा खोटं बोलून आलोय.”

आता त्या शिव्या घालतील, डबी तोंडावर फेकतील, निदान रडतील, म्हणून सर मान खाली घालून थांबले. तेवढं तरी मिळायला हवं होतं. पण काकू हसायलाच लागल्या. नळी हलली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी हसतायत.

“देवा रे! सुटले!” त्यांनी सरांचा हात कपाळाला लावला. “उपकार झाले हो तुमचे. फार भ्याले होते मी.”

उपकार! हा शब्द ऐकून सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेक दारात येऊन उभी होती आणि तिनं बरंच ऐकलं होतं. टेबलावरची सफरचंदांची पिशवी उचलून तिनं सरांच्या हातात परत दिली.

बोळातून सिस्टरांच्या खोलीपर्यंत सर मोजे खाली गेलेल्या पायांनीच चालत गेले. उरलेल्या तीन डब्या त्यांनी टेबलावर मांडल्या आणि सगळं सांगितलं. उद्याचा समारंभ, शिल्ड, पहिला नंबर, सगळं आता संपलं हे त्यांना ठाऊक होतं, पण तोंडानं सांगताना त्याचं काही वाटेना. सिस्टरांनी आधी काकूंच्या कागदावरची ओळ खोडली, डॉक्टरांना फोन केला, तपासणी रद्द करा म्हणाल्या. मग तीन डब्या उलट्या करून नावं वाचली.

“यांना शेवटचं कधी बघितलंत?”

सरांना आठवेना. खरंच आठवेना. डब्या रोज पायाला लागत होत्या, माणसं मात्र त्यांच्या डोक्यातून गेली होती.

सिस्टरांनी रक्तदाबाचं यंत्र पिशवीत टाकलं. “घरं तरी माहिती आहेत ना? चला मग. आणि दारात मी बोलणार नाही, तुम्ही बोलायचं.”

पहिलं घर पोस्टमन आजोबांचं. दुसरा मजला. दार सताड उघडं आणि दारासमोर खुर्ची, खुर्चीत आजोबा, इस्त्रीचा शर्ट घालून. पाय एका पत्र्याच्या डब्यावर ठेवलेले, घोट्याशी टम्म फुगलेले. जन्मभर दुसऱ्यांच्या दारात गेलेला हा माणूस आपल्या दारात कोणाची तरी वाट बघत बसला होता.

“अरे, सर! आणि सिस्टरही!” त्यांनी उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. “मिळाली का शिल्ड?”

“नाही, आजोबा.” सर खुर्चीजवळ वाकले. “सिस्टर तुम्हाला बघायला आल्यात. खरं तर कधीच येणार होत्या. मी...”

“असू दे, असू दे,” आजोबा घाईनं म्हणाले आणि ओशाळून हसले. “मी बसायचो रोज आवरून. पहिल्या बैठकीत म्हणाल्या होत्या ना, चालणं थांबलं की येईन. नाही आल्या, तेव्हा म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल.”