सावडीतला दिवस

सुकरीच्या भाताचं आवण, म्हणजे लावणीची रोपं, पंचवीस दिवसांची झाली होती आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये. चार दिवसांत लावणी झाली नाही तर रोपं जून होणार आणि वर्षाचा भात हातचा जाणार. तरी मदतीला आलेल्या शेजारच्या हिराबाईला तिनं दोनदा परत पाठवलं. पोशेरा गावात लावणी सावडीनं होते, आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. मोडक्या हातानं ती कुणाचा दिवस फेडणार? आणि फुकटचं घेणं तिच्या जिवावर यायचं. म्हातारी हट्टी, यात वादच नाही.

नात सुनिता जव्हारच्या कॉलेजातून आली होती. तिला ‘सपोर्ट’ या इंग्रजी शब्दाचं मूळ शोधून लिहायचं होतं.

"हा मना ठावं हाय," सुकरी म्हणाली. "संस्थेचे जीपवाले गावात आणतात तो."

सुनिता हसली. "मूळ लॅटिन आहे, आजी. खालून धरून वाहून नेणं. इंग्रजीत आधी सोसणं असाही अर्थ होता."

"सोसायचं कोनी? देणाऱ्यानं का घेणाऱ्यानं?"

ते पुस्तकात नव्हतं. सुकरी दाराशी बसून राहिली. समोरच्या खाचरात हिराबाईची सून माघी चार रोपं खोवायची, की बांधावरचं लेकरू रडायचं. ती चिखलाचे हात धुऊन धावायची, परतायची, पुन्हा धावायची. हिचं ओझं कुणी खालून धरत नाही, हे सुकरीला आज पहिल्यांदा दिसलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

ती उठली आणि थेट खाचराच्या कडेला गेली.

"हिराबाय, माझं आवण लावा. मी सगळ्यांची लेकरां सांभाळीन, झोळीची दोरी डाव्या हातानं वढता येते. पन तो दिवस सावडीत धराल का?"

हिराबाई अडखळली. "लेकरां बघण्याचा दिवस कोनी धरत नाय, सुकरे."

माघी कंबर सरळ करून उभी राहिली. सासूसमोर ती सहसा बोलत नसे.

"माझा अख्खा दिवस त्यातच जातो, आत्या. तो कामाचा नाय का?"

हिराबाईनं सुनेकडे पाहिलं, मग सुकरीच्या झोपडीबाहेरच्या हिरव्यागार आवणाकडे.

"धरू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाच जणी सुकरीच्या शेतात उतरल्या. मोहाच्या झाडाला तीन झोळ्या बांधल्या होत्या. माघीनं पूर्ण ओळ एकदाही न उठता लावली. संध्याकाळी पाय धुताना सुकरीनं विचारलं, "उद्या कोनाचं शेत?"

"पलीकडच्या जिवाचं," हिराबाई म्हणाली.

"मंग मना हाक मारा."