खिडकी दिसते का?

सहल ठरवली नातीने, पण हट्ट आजीचा होता. बंदराचं ते जुनं गाव आता पाहुण्यांसाठी नटून बसलं होतं. गोऱ्या साहेबाच्या काळातली दगडी कस्टम-कचेरी, कमानींची बाजारपेठ, किल्ल्यावरच्या तोफा, लाँचची फेरी आणि अगदी टोकाला पांढराशुभ्र दीपस्तंभ. नातीने मोबाइलवर भली लांबलचक यादी केली होती. आजीच्या यादीत एकच नाव. दीपस्तंभ!

आता तुम्ही म्हणाल, सत्तरीच्या बाईला दीपस्तंभाचं एवढं काय वेड? तर ऐका. तिचा नवरा त्याच दीपस्तंभावर तीस वर्षं बत्तीवाला होता. संध्याकाळी दिवा लावायचा, पहाटे विझवायचा, भिंगं पुसायची. ही पायथ्याच्या क्वार्टरमध्ये संसार करायची. जेवणाचा डबा दोरीला बांधला की वर जायचा, पण बाईमाणसाने वर पाऊल ठेवायचं नाही, हा साहेबाचा नियम. साहेब गेला, नियम तेवढा मागे ठेवून गेला. तीस वर्षांत आजी एक पायरी म्हणून चढली नव्हती. आणि आता कुणीही सोम्यागोम्या तिकीट काढून वर जात होता!

खरी गोम मात्र वेगळीच होती. लग्न होऊन ती इथे आली, त्या पहिल्याच आठवड्यात एकटीने राहायला घाबरून रडत बसली होती. तेव्हा आजोबा म्हणाले, "अगं, भ्यायचं काय त्यात? वरून मला तुझी स्वयंपाकघराची खिडकी दिसते. माझं लक्ष असतं."

झालं! त्या एका वाक्यावर बाईने तीस वर्षं काढली. रोज तिन्हीसांजेला खिडकीत कंदील ठेवायची. केस नीट विंचरून, पदर सारखा करून तिथेच भाजी निवडायला बसायची. रुसली की खिडकी धाडकन लावून घ्यायची. बघू दे म्हणावं! सकाळी आजोबा खाली उतरून, काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने चहा मागायचे. काय दगडाच्या काळजाचा माणूस, असं तिला वाटायचं. बाकी माणूस सोन्यासारखा. अख्ख्या नोकरीत एकदाच मेमो मिळाला, तोही सरकारी पांढऱ्या रंगाचा अर्धा डबा नाहीसा झाला म्हणून. रंग कुठे गेला, ते त्यांनी ना कचेरीत सांगितलं, ना घरात.

आता आजीचे गुडघे बोलायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, जिने बंद करा. करीन की, पण हा एक चढून मग! वर जायचं आणि ती खिडकी कशी दिसते ते आपल्या डोळ्यांनी बघायचं, एवढंच तिला हवं होतं.

आणि गंमत बघा, सहलीच्या दिवशी सकाळपासून बरोबर आलेल्या आजोबांचेच पाय जड. एरवी हा माणूस देवळालासुद्धा चपला न काढता बाहेरूनच हात जोडून पळणारा! आज कस्टम-कचेरीत त्यांनी एकूण एक पाटी वाचली, 'थुंकू नये' हीसुद्धा. तोफा दोनदा मोजल्या. लाँचच्या फेरीत वारा काय सुटला होता! नात ओरडत होती, आजीच्या तोंडावर खारं पाणी उडत होतं आणि ती पोरीसारखी खिदळत होती. उतरायची वेळ आली तर आजोबा म्हणाले, "आणखी एक फेरी मारू या ना." कमानींच्या बाजारात पाच टोप्या घालून पाहिल्या. आयुष्यात कधी टोपी न घातलेला माणूस!

सव्वाचार वाजता त्यांनी दुसरा चहा मागवला, तेव्हा आजीने कप बाजूला सारला.

"अहो, दीपस्तंभ पाचला बंद होतो."

"खालूनच छान दिसतो गं तो."

"खालून? तीस वर्षं खालूनच बघितलाय मी! उठा आधी."

रिक्षाने धावतपळत गेले. तिकिटाच्या खिडकीत निळ्या टोपीचा माणूस बसला होता. त्याने आजीला आपादमस्तक न्याहाळलं. "आजी, एकशे बेचाळीस पायऱ्या आहेत. झेपतील का?"

"तेच म्हणतोय मी!" आजोबा घाईघाईने म्हणाले.

"तू तिकीट फाड रे बाळा," आजी म्हणाली. "गुडघे माझे आहेत."

आणि चढली की हो! लोखंडी गोल जिना, एका हाताने कठडा धरलेला, दुसरा नातीच्या खांद्यावर. साठाव्या पायरीला बसली, शंभराव्याला बसली. घाम निथळत होता, छाती धडधडत होती आणि तरी चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. आजोबा सर्वांत मागे, मान खाली घालून. शेवटी एक बुटकं दार आलं. वाकून बाहेर पडली मात्र, वाऱ्याने पदरच उडवला.

अगं बाई! केवढा तो समुद्र! तिन्ही बाजूंनी नुसतं निळंनिळं, आणि मागे ते सगळं गाव परडीत ठेवल्यासारखं. "आजी, ती बघ आपली लाँच!" नात नाचत होती. पण आजीने कठडा घट्ट धरला आणि खाली बघितलं. क्वार्टर होतं जागच्या जागी. आता तिथे सरबतं मिळत होती. लाल कौलांचं छप्पर, त्याची पुढे आलेली कड आणि कडेखाली...

काही नाही. खिडकी दिसत नव्हती.

तिने गॅलरीला पूर्ण फेरी मारली. वाकून पाहिलं, टाचा उंचावून पाहिलं. छप्पर सोडून काही दिसेना. मग ती वळली.

"अहो. खिडकी कुठेय?"

आजोबा समुद्राकडे बघत होते.

"इकडे बघा! कुठेय खिडकी?"

"नाही दिसत," आजोबा पुटपुटले. "कधीच नव्हती दिसत. तू रडत होतीस, म्हणून बोलून गेलो. मग तू कंदीलच ठेवायला लागलीस. कुठल्या तोंडाने सांगणार?"

"थापाड्या!" आजी कडाडली. गॅलरीतले चार पाहुणे दचकले. "म्हणजे माझे तीस वर्षांचे रुसवे सगळे फुकट गेले? खिडकी आपटून आपटून बिजागऱ्या सैल केल्या मी!" डोळ्यांत पाणी उभं राहिलं तिच्या. राग होता, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं होतं. एवढे कंदील लावले, आणि वर कुणाला पत्ताच नाही.

"आजी," नात मोबाइलच्या कॅमेऱ्यातून खाली बघत म्हणाली, "त्या छपरावर एक कौल पांढरं का आहे गं?"

आजीने डोळे बारीक केले. खरंच की! सगळ्या लाल कौलांत एकच, रंग उडालेलं, कडेला अजून पांढरं. धुराड्याच्या शेजारी. बरोबर तिच्या चुलीच्या वर.

अर्धा डबा पांढरा रंग! ती गर्रकन आजोबांकडे वळली.

"खोटं बोललो होतो ना," आजोबा म्हणाले. "खिडकी दिसत नव्हती, मग दिसेल असं काहीतरी करायला नको? तू पाण्याला गेलीस तेव्हा छपरावर चढलो. दर वर्षी पावसाळा संपला की एक हात फिरवायचो. संध्याकाळी दिवा लावण्याआधी आणि पहाटे विझवल्यावर, आधी ते कौल बघायचो. त्याच्याखाली तू आहेस, एवढं कळायचं."

आजीने पदराने डोळे टिपले. "आणि मी रुसले असले की?"

"कौल कुठे रुसतं?" आजोबा म्हणाले. "मला रोज वाटायचं, आज स्वारी खूश दिसतेय."

आजीने त्यांच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली आणि तोच दंड घट्ट धरून ठेवला. हसत होती की रडत होती, ते नातीलाही कळेना.

तेवढ्यात जिन्यातून निळी टोपी वर आली. शिट्टी फुंकत म्हणाली, "चला, चला, पाच वाजले! खाली चला!"

"थांब रे जरा," आजी कौलावरची नजर न हलवता म्हणाली. "मी खाली तीस वर्षं थांबले. तू पाच मिनिटं थांब."